एक जूनचे दोघे: एका न चालणाऱ्या कार्डासाठी दौंड ते शिरूर

या ब्लॉगवर मी एस.टी.ने केलेल्या जवळपासच्या प्रवासांबद्दल लिहितो. मधले चार महिने काही लिहिलं नाही, कारण माझा थोरला भाऊ ज्ञानदेव वारला. मी त्याला दादा म्हणायचो. हा प्रवास त्याच्याच एका कामासाठी करावा लागला. दोन दिवसांचा, दौंडहून शिरूरला आणि तिथून केंदूरच्या बाजूला. पाहण्यासारखी प्रसिद्ध ठिकाणं या वाटेवर फारशी नाहीत. तरीही कुणाला जायचं असेल तर गाड्या आणि खाण्याची माहिती उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहितो.

आधी काम काय होतं ते सांगतो. दादा रांजणगावला एका कारखान्यात फिटर होता. तीन वर्षांपूर्वी बोनसमध्ये त्याने डिजिटल कॅमेरा घेतला. आमचे वडील, आबा, मेंढरं राखायचे. पावसाळा सरला की ते मेंढरं घेऊन भीमेच्या काठाने खाली यायचे आणि वाटेत शेतकऱ्यांच्या रानात तळ द्यायचे. ती सगळी वाट दादाने सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवर फिरून शोधली. प्रत्येक तळाच्या जागेचा फोटो काढला आणि परदेशातल्या एका वेबसाइटवर अल्बम करून ठेवला. प्रत्येक फोटोखाली त्याने दोन ओळी लिहिल्या. तो मला लिंक पाठवायचा. मी वरवर पाहून "छान" म्हणायचो. अल्बम मी कधी नीट पाहिला नाही, हे इथे लिहून ठेवतो.

तो गेल्यावर त्याचा कॉम्प्युटर बंद पडला आणि त्यातलं काहीच परत मिळालं नाही. वेबसाइटची वर्षाची फी संपली होती. फोटो दिसत होते, पण टपालाच्या तिकिटाएवढे. मोठे होत नव्हते, आणि खालचं लिखाण दिसत नव्हतं. सूचना आली होती की महिनाअखेरपर्यंत फी भरली नाही तर अल्बम कायमचा पुसला जाईल. पासवर्ड वहिनींनी दादाच्या डायरीतून काढून दिला.

फी फक्त कार्डाने भरता येत होती आणि माझ्याकडे क्रेडिट कार्ड नाही. दौंडला सलीमभाईंचं सायबर कॅफे आहे. पूर्वी तिथेच त्यांचा एस.टी.डी. बूथ होता. त्यांनी सांगितलं की बँकेच्या वेबसाइटवरून व्हर्च्युअल कार्ड काढता येतं. म्हणजे हातात काही येत नाही. आपल्या खात्यातून हवी तेवढी रक्कम बाजूला काढायची, की पडद्यावर सोळा आकडी नंबर येतो. दोन दिवस चालतो, एकदा वापरला की संपला.

नंबर आला. वेबसाइटने तो घेतला नाही.

"महिना-वर्ष उलटं पडलं असेल," सलीमभाई म्हणाले. ते नीट भरलं. नाही. मग पिनकोड बँकेतला दिला. नाही. मग त्यांनी हिशेब मांडला की डॉलरचे रुपये करताना वर चार पैसे लागतात, रक्कम कमी पडत असणार. शंभर रुपये वाढवून नवं कार्ड काढलं. तेही नाही. दुसरा कॉम्प्युटर, दुसरा ब्राउझर, सगळं करून झालं.

"साहेब, मशीनचं दुखणं नाही हे," ते शेवटी म्हणाले. "बँकेला फोन लावा."

फोनवरच्या मुलीने माझं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. मी सांगितलं, एक जून. पलीकडे कीबोर्ड वाजला. मग म्हणाली, "सर, या ग्राहकाबद्दल मला फोनवर काही सांगता येणार नाही. तुम्ही मूळ शाखेत जा."

माझी मूळ शाखा शिरूरला आहे. माझी पहिली नोकरी तिथली. दादाने आणि मी एकाच दिवशी तिथे खाती उघडली होती. मी पुढे कुरकुंभच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये लागलो, दौंडला राहायला आलो, पण ते खातं तसंच ठेवलं. महिना संपायला चार दिवस होते. गुरुवारी संध्याकाळी रजेचा अर्ज दिला आणि शुक्रवारी सकाळी निघालो.

शुक्रवार, सकाळ

दौंडहून शिरूरला थेट गाडीची वाट पाहू नये. सव्वासहाची पुण्याकडची गाडी धरावी, चौफुल्याला उतरावं आणि तिथून शिरूरची दुसरी गाडी घ्यावी. दोन्ही मिळून पन्नास रुपयांच्या आत काम होतं. डावीकडची खिडकी घेऊ नका, सोलापूर रस्त्याच्या ट्रकांचा धूर सगळा त्या बाजूने येतो असं माझं मत आहे. कंडक्टरला ते पटलं नाही.

कुरकुंभ, पाटस, मग वरवंड. वरवंड माझं आजोळ. सातवीचा निकाल मला इथेच कळला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामांकडे होतो. आम्ही दोघे एकाच वर्गात होतो, त्यामुळे शाळेत जाऊन दादाने दोघांचे निकाल आणले आणि कुणाची तरी सायकल मागून थेट वरवंडला आला. अंगणात सायकल टेकवली आणि म्हणाला, "दत्तू, तू पास. मी नापास." मामीने शेंगदाण्याचे लाडू दिले, ते त्याने चार खाल्ले. नापास झालेला माणूस एवढे लाडू कसे खातो, असं मला वाटलं होतं.

जूनमध्ये मी आठवीला पाबळला गेलो, बोर्डिंगात राहिलो. दादा आबांबरोबर मेंढरांमागे राहिला. खरं सांगायचं तर मला तेव्हा थोडा आनंद झाला होता. थोरल्याच्या पुढे गेल्याचा.

आता एकाच वर्गात कसे, तेही सांगतो. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. पण मेंढरांमागे माणूस लागतं म्हणून त्याला शाळेत घातलं नव्हतं. माझं वय झालं तेव्हा मी एकटा जायला तयार होईना. मग आबांनी दोघांना एकाच दिवशी नेऊन बसवलं. मास्तरांनी जन्मतारीख विचारली. आबा म्हणाले, "थोरला बाजरीच्या काढणीत झाला, धाकटा पेरणीत." मास्तरांनी दोघांनाही एक जून लिहिला. साल तेच. कागदावर आम्ही जुळे झालो. पुढे फोन आल्यावर दर एक जूनला दादाचा फोन यायचा, "हॅपी बर्थडे, जुळ्या."

चौफुल्याला गाडी बदलायला पाऊण तास लागला. इथली भेळ घ्यावी. पाच रुपयांत पोटभर मिळते, फक्त चटणी कमी घाला म्हणून सांगावं. केडगावच्या पुढे रस्ता अरुंद आहे. दोन्ही बाजूंना ऊस आणि गुऱ्हाळं. काचा उघड्या असतील तर उकळत्या रसाचा वास गाडीभर येतो. थंडीच्या दिवसात जाणार असाल तर एखाद्या गुऱ्हाळावर थांबा, गरम काकवी मागितली तर कुणी नाही म्हणत नाही.

पारगावला भीमेवरचा पूल लागतो. पलीकडे शिरूर तालुका. दादाच्या अल्बममध्ये या पुलाखालचा तळ आहे, तेवढा मी तिकिटाएवढ्या फोटोतही ओळखला होता. आबांनी मेंढरं विकायचं ठरवलं तेव्हा आमचं तिथेच भांडण झालं. दादा म्हणत होता निम्मी ठेवू. मी नोकरीवाला झालो होतो, मी म्हणालो, "तू सातवी नापास, तुला व्यवहारातलं काय कळतंय?"  तो खाली वाकून एका कोकराच्या पायातला काटा काढत बसला. मेंढरं सगळी विकली.

पूल ओलांडून न्हावऱ्यापर्यंत मी बाहेर बघत राहिलो.

शुक्रवार, बँक

शिरूर स्टँडवर साडेदहाला उतरलो. म्हातारी माणसं अजून या गावाला घोडनदीच म्हणतात. शेजारी बसलेल्या आजीने घोडनदीचं तिकीट मागितलं आणि कंडक्टरने काही न विचारता शिरूरचं दिलं.

बँकेत रांग होती. काउंटरवरच्या मॅडम तरुण होत्या, बोलण्यावरून नागपूरकडच्या वाटल्या. मी पासबुक दिलं, व्हर्च्युअल कार्ड चालत नाही म्हणून सांगितलं. त्यांनी नंबर टाकला, पडदा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, हे खातेदार कोण तुमचे?"

"मीच."

"नाही, हे तर मयत आहेत."

"मयत माझा भाऊ. मी त्याचा दाखला दोन महिन्यांपूर्वी इथेच दिला होता."

"तो मिळाला. म्हणूनच तर यांना मयत केलंय."

मागे एक शेतकरी उभे होते. त्यांनी मोठ्याने म्हटलं, "आवो मॅडम, म्येलेल्या माणसाला आधी घ्या की. आमी काय, थांबतो." रांग हसली. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

मॅडमनी मला मॅनेजरकडे नेलं. त्यांनी दोन्ही खाती उघडली आणि घोळ सापडला. शाखा कॉम्प्युटरवर गेली तेव्हा प्रत्येक माणसाला एक ग्राहक क्रमांक दिला गेला. इंग्रजी आद्याक्षरं दोघांची एकच, डी. एस. वडील तेच, पत्ता तोच, जन्मतारीख तीच. एकाच माणसाची दोन खाती समजून दोघांना एकच क्रमांक मिळाला. दादाच्या मृत्यूची नोंद त्या क्रमांकावर झाली आणि मीही गेलो. नेट बँकिंग वेगळं असल्यामुळे कार्डाचा नंबर निघत होता, पण पैसे द्यायची वेळ आली की बँक नाही म्हणत होती.

"या भागात एक जूनचं फार आहे हो," मॅनेजर म्हणाले. "त्या दिवशी आमचा कॉम्प्युटर निम्म्या तालुक्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतो. पण सख्खे भाऊ, एकच साल, हे मी पहिल्यांदा बघतोय. जुळे का?"

"नाही. कागदावरच."

"मग तोच कागद आणा. मयत झालेला ग्राहक पुन्हा हयात करायचा म्हणजे मला वर उत्तर द्यावं लागतं. तुम्ही दोघे वेगळे होता, हे दाखवणारा जुना पुरावा पाहिजे. शाळेच्या रजिस्टरचा उतारा चालेल, पण दोघांचा. उद्या शनिवार, बारापर्यंत आलात तर मी करून देतो."

दादाचा शाळेचा दाखला घरात कधीच नव्हता. नापास झाला म्हणून त्याने तो घेतलाच नसेल, असं आम्ही सगळे धरून होतो.

शुक्रवार, दुपार

शिरूरहून पुण्याकडची कोणतीही गाडी शिक्रापूरला सोडते. तिथून पाबळच्या दिशेला जीप मिळतात. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली म्हणजे काय, हे ड्रायव्हर ठरवतो. आम्ही चौदा होतो. केंदूरच्या फाट्यावरून पुढे आमच्या वाडीपर्यंत मी चालत गेलो. अर्धा तास लागतो. पाणी बरोबर ठेवा, वाटेत दुकान नाही.

शाळा तीच आहे, कौलं जाऊन स्लॅब आला आहे. मुख्याध्यापक गुरुजी पन्नाशीच्या पुढचे. मी काम सांगितल्यावर ते खुर्चीत मागे रेलून हसले.

"मी पण एक जूनच. आमच्या घरात तिघं हायेत. बायको म्हणते एकच केक आणा, परवडंल. मेअखेरला बघा, तालुक्यातले निम्मे मास्तर एका दिवशी रिटायर व्हतात."

"तुम्ही मुलांना आता काय लिहिता?"

"आता जन्माचा दाखला लागतो. मजा गेली सगळी."

कपाटातून त्यांनी जुनं जनरल रजिस्टर काढलं. लाल कापडाची पाठ, कडा वाळवीने खाल्लेल्या. बोटावर थुंकी न लावता, एकेक पान अलगद उचलून त्यांनी उलटलं. एकशेबारा, ज्ञानदेव सखाराम. एकशेतेरा, दत्तात्रय सखाराम. एकाच शाईत, एका खाली एक. जन्मतारखेच्या रकान्यात मास्तरांनी दुसऱ्यांदा तारीख लिहायचा कंटाळा केला होता. माझ्या ओळीत नुसत्या दोन टिंबांची खूण होती, वरच्यासारखंच म्हणून.

"हा तुमचा, सातवी उत्तीर्ण, दाखला पाबळसाठी दिला," गुरुजी बोट फिरवत वाचत होते. "आन् हा थोरल्यांचा. सातवी उत्तीर्ण. शाळा सोडण्याचं कारण, घरी मेंढरांस माणूस नाही. दाखला दिल्याची तारीख... मोकळी हाय. न्यायला आलंच न्हाईत."

मी म्हणालो, "नापास असेल. नीट बघा."

"उत्तीर्ण हाय, साहेब. मार्क पण हायेत." त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. "तुमच्यापेक्षा अकरा जास्त."

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग गुरुजींनी पाणी मागवलं, ते प्यायलो.  दोघांचे उतारे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, शिक्के मारले. मग म्हणाले, "थोरल्यांचा मूळ दाखला पण लिहून देऊ का? त्यांचा ह्यो राहिलाच हाय."

मी हो म्हणालो.

शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार

मुक्काम शिरूरला वहिनींकडे. त्यांनी हुलग्याचं माडगं केलं होतं. हुलगे दळून केलेलं हे दाटसर गरम कढण थंडीत फार चांगलं लागतं, हॉटेलात मिळत नाही. बरोबर बाजरीची भाकरी. मी दाखला त्यांच्यापुढे ठेवला. त्या चष्मा लावून वाचत राहिल्या. मला वाटलं आता रडतील.

"म्हंजी पास झालं व्हतं व्हय!" त्या म्हणाल्या. "भावजी, तीस वर्सं मला सांगायचं, किराणाची यादी तू वाच, मी नापास माणूस. लाइटबिल तू बघ, मी नापास माणूस. पोरांचा अभ्यास तू घे. समदी कामं माझ्या गळ्यात घातली आन् सोता कॅमेरा घेऊन फिरलं!"

आम्ही दोघंही हसलो. मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आल्यावर विचारलं, "तुमाला म्हायती न्हवतं?"

"नाही."

"पाबळला एकालाच ठेवायचं परवडत व्हतं. मामंजी म्हणलं व्हतं तसं मला एकदा." त्या भाकरी वाढत म्हणाल्या. "थोरल्याचा नंबर आधी असतो. म्हणून नापास सांगितलं आसंल."

पुलाखालचं भांडण मी त्यांना सांगितलं नाही. 

शनिवारी दहाला बँक. मॅनेजरनी दोन्ही उतारे पाहिले, झेरॉक्स ठेवून घेतल्या. माझ्याकडून हयात असल्याचा अर्ज लिहून घेतला. "मी हयात आहे" हे वाक्य सही करून देताना जरा विचित्र वाटतं. कॉम्प्युटरवर मला नवा ग्राहक क्रमांक दिला. जुना दादाकडे राहिला.

"सोमवारी सकाळी कार्ड चालेल," मॅनेजर म्हणाले. "थोरले बंधू हुशार होते की."

स्टँडजवळ मिसळ खाल्ली. बारा रुपये, पाव जास्त मागता येतात. एकच्या गाडीने निघालो. पारगावच्या पुलावर ट्रॅक्टरची रांग होती, उसाच्या दोन ट्रॉल्या अडकल्या होत्या. गाडी पुलावर वीस मिनिटं उभी राहिली. मी खाली पाहत होतो. तिथे आता कुणीतरी कांदा लावला आहे. वरवंड आलं तेव्हा पाऊस नव्हता, गर्दी नव्हती, उतरायलाही हरकत नव्हती. पण मामा-मामी कधीच गेले. मी बसून राहिलो.

सोमवार, दौंड

महिन्याचा शेवटचा दिवस. कामावर जायच्या आधी सलीमभाईंचं कॅफे उघडलं तेव्हा मी दारातच होतो.

"हयात होऊन आलात म्हणे," ते म्हणाले. मी त्यांना फोनवर सांगितलं होतं.

नवं कार्ड काढलं. सोळा आकडे कागदावर लिहिले, मग एकेक टाइप केले. सलीमभाई मागे उभे राहून महिना-वर्ष पुन्हा तपासत होते. बटण दाबलं. पान हलेना. मग हललं, आणि इंग्रजीत आभार आले.

अल्बम उघडला. फोटो मोठे झाले, खालच्या ओळी आल्या. मी त्या पहिल्यापासून वाचल्या, जशा दादा असताना वाचायला हव्या होत्या. "इथं आबांना पटकी झाली होती. शेतमालकीण बाईने सोळा दिवस जेवण दिलं." "ह्या बाभळीला आईची झोळी. दत्तू झोळीत." "पारगाव पूल. इथं शेवटचा तळ." भांडणाबद्दल एक अक्षर नाही.

चाळिसाव्या फोटोत आमची शाळा होती. स्लॅब, झेंड्याचा खांब, बाहेर काढलेल्या चपला. खाली त्याने लिहिलं होतं, "दत्तूची शाळा."

ते बदलून "आमची" करावं असं मनात आलं. कर्सर तिथे नेलाही. पण त्याचं लिखाण आहे, ते मी पुसू नये. मी सलीमभाईंना दादाचा शाळेचा दाखला स्कॅन करायला सांगितला. शाळेच्या फोटोनंतर तो चढवला आणि खाली ओळ टाइप केली.

"बस, एवढंच लिहायचं?" सलीमभाईंनी विचारलं.

"एवढंच."

तिथे लिहिलं आहे: ज्ञानदेव सखाराम. सातवी पास.